चांग च्येनची चवरी

४ जानेवारी, रविवार
जिंकलो! यंदा जत्रेला देवळापुढच्या मांडावर माझंच नाटक. समितीचा जयराम दोन तास अडून बसला होता. ‘मास्तर, चिनी मनीस देवीच्या मांडार कित्याक? शिवाजी महाराज करूया, संभाजी करूया...’ म्हटलं, एकतीस वर्षं तेच केलं, माझ्या खोट्या दाढ्या संपल्या! मग सांगितली गोष्ट. एकवीसशे वर्षांपूर्वीचा दूत चांग च्येन. चीनच्या हान सम्राटानं पश्चिमेला पाठवला. वाटेत हूणांनी धरला, दहा वर्षं अडकवून ठेवला. तिथं बायको झाली, मुलगा झाला, पण सम्राटानं दिलेला अधिकाराचा दंड त्यानं हातातून सोडला नाही. शंभरावर माणसं घेऊन गेला, तेरा वर्षांनी अवघ्या दोघांना घेऊन परतला. त्यानं पाहिलेल्या वाटांवरून पुढं सगळा व्यापार सुरू झाला. बाल्खच्या बाजारात त्याला हिंदुस्थानातून आलेलं कापड दिसलं, हे सांगितल्यावर जयराम म्हणाला, ‘म्हणजे आमच्यातलोच!’ मी लगेच हो म्हटलं. समितीशी वाद घालताना इतिहास थोडा वाकवावा लागतो.

चांग च्येन आमचा सिद्धेश. सम्राट मी. दुसरं कोण असणार!

८ जानेवारी, गुरुवार
सिद्धेशनं पुन्हा तोच विषय काढला. ‘बाबा, माका तुमची सही व्हयी. एक सही.’ माझा जन्म सत्तावन्न सालचा, पोर्तुगीज अमलातला. तो लिस्बनला नोंदवला की त्याला तिकडचा पासपोर्ट मिळतो, मग तो जाणार इंग्लंडला. डिचोलीच्या खाणी बंद पडल्या, तसे त्याचे ट्रक विकले गेले. आता मोरजीच्या हॉटेलात रशियनांना खोल्यांच्या चाव्या देतो. कळतं मला.

पण मराठी शाळा चालवली म्हणून ज्या पोर्तुगीज पाखल्यांनी माझ्या बापाला तीन दिवस कोठडीत ठेवलं, त्यांच्या वहीत मी माझं नाव घालू? नाही म्हणजे नाही! विनोदिनी पोराचीच बाजू घेते. म्हणते, ‘तुमचो मान मोठो की चल्याचो संसार?’ माझ्याच बायकोनं हे विचारावं!

११ जानेवारी, रविवार
तालीम. पोरगा काय उभा राहतो! दंडासाठी हूणांशी भांडतो तो प्रवेश बघून अंगावर काटा आला. हे नाटक मी त्याच्यासाठीच लिहिलंय, हे इथं कबूल करायला हरकत नाही. दहा वर्षं परक्या मुलखात राहूनही न विकला गेलेला माणूस त्याच्या तोंडून बोलावा, आणि ते त्याच्या कानात जावं. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

१५ जानेवारी, गुरुवार
अडचण. दूताच्या दंडाला याकच्या शेपटीचे झुपके असतात. म्हापशाच्या कपडेवाल्यानं नारळाच्या काथ्याचा झुपका पाठवला. झाडू दिसतो! अस्सल याकची शेपटी आमच्या पार्से गावात एकाच ठिकाणी, देवळात. देवीची जुनी चवरी.

१८ जानेवारी, रविवार
देवीला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला. भटजींनी मूर्तीवर पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं – माये, तुझी चवरी एका संध्याकाळपुरती चिनी दूताच्या हाती देऊ का? अर्धा तास काही हलेना. मग उजवी पाकळी पडली! होकार! जयरामच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. हान सम्राटालाही इतकी मोठी मंजुरी मिळाली नसेल.

२४ जानेवारी
घरात अबोला. फक्त संवाद म्हणताना बोलतो. मी सम्राट म्हणून ‘जा’ म्हणतो, तो दूत म्हणून वाकतो.

२ फेब्रुवारी, सोमवार
काल नाटक झालं. मांड खचाखच. आमोण्याहून विनिता आत्याही आली, काठी टेकत.

तिसरा अंक. हूणांचा सरदार म्हणजे आमचा विठू, पाव विकणारा. त्यानं सिद्धेशच्या हातून दंड हिसकायचा, त्याची काठी मोडून फेकायची, सिद्धेशनं झुपका तेवढा उचलून घ्यायचा. तालमीत काथ्याचा झुपका होता, तेव्हा रोज मोडला. काल पुढं आला, चवरी बघितली, आणि थिजला. तलवार खाली ठेवली. हात जोडले. चवरीवर कपाळ टेकलं! क्रूर सरदार! मागून त्याचे चारही हूण ओळीनं पाया पडले. प्रेक्षकांतून कुणीतरी ‘माये!’ म्हणालं. नंतर विठू माझ्यावरच उखडला, ‘मास्तर, देवीची वस्तू मोडू? म्हजे हात झडतले!’

विंगेत माझा जीव गेला. महिन्याभराची मेहनत मातीत! आता पोरगा काय बोलणार? संवादच नाही त्याला.

सिद्धेश पुढं झाला. मग सरदाराला उठवलं आणि म्हणाला, ‘तुला मोडता येत नाही. मलाही टाकता येत नाही. मला कुठंही ने, कुणाच्याही वहीत माझं नाव लिही. हे घरचं आहे, ते माझ्याबरोबर येणार.’

मी लिहिलेलं नव्हतं हे. माझ्याहून चांगलं होतं. टाळ्या थांबेनात. मी सम्राटाच्या मुकुटात विंगेत उभा राहून रडत होतो, आणि जयराम विचारत होता, ‘मास्तर, हें नाटकात आसा?’ म्हटलं, आहे.

असा मुलगा माझा आहे. छाती फुटेल की काय असं वाटलं.

३ फेब्रुवारी
चवरी देवळात परत दिली. सिद्धेश कामावर. पासपोर्टचं नाव त्यानं काढलं नाही. मीही नाही. दिवसभर त्याचंच वाक्य ऐकू येतंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पणजीला जाऊन सही करून आलो. दोन वर्षं ‘सही करा, सही करा’ म्हणणारी विनोदिनी कागद बघून रडत बसलीय, जेवली नाही. सिद्धेश यायचाय. कागद त्याच्या पाटाशेजारी ठेवलेत.