घडीच्या पलीकडचा शेजारी

३ फेब्रुवारी
हेमराजचं तोंड आज पुन्हा पाहा लागलं! लॅबमध्ये सगळ्यांशी हिंदी, अन् अपमान करायचा असला की माझ्याशी मराठी. "भूमिका, तुले कोणं विचारलं?"
वंदना मॅडमनं विचारलं होतं. गाईड त्या आहेत, हा नाही. रायपूरच्या हॉस्पिटलातून एका पेशंटचा एमआरआय आला — नाव नाही, नुसता कोड. फिट येतात, गोळ्या लागू पडत नाहीत. फिट मेंदूत कुठून सुरू होते ते आम्ही दाखवायचं, मग सर्जन तेवढा तुकडा काढणार.

५ फेब्रुवारी
चूक सापडली! कॉम्प्युटरमध्ये मेंदूचा पृष्ठभाग म्हणजे बारीक त्रिकोणांची जाळी. जाळीतल्या प्रत्येक गाठीचे शेजारी शोधायचे अन् सगळ्यांची सरासरी काढायची. हेमराजचा प्रोग्राम सरळ अंतर मोजते. जवळ दिसला की शेजारी! पण मेंदूले घड्या आहेत. आमच्या कॅम्प-१ वस्तीत आमच्या घराची अन् मागच्यांची भिंत एकच, तरी त्यांच्या दारी जायचं तर अख्खी गल्ली फिरा लागते. तसंच जाळीच्या धाग्याधाग्यानं जायचं. ह्यानं तर फिट जिथून सुरू होते तो डागच घडीच्या ह्या काठावरून त्या काठावर नेऊन ठेवला!

६ फेब्रुवारी
त्याले सांगितलं. हसला. मॅडमसमोर म्हणते, "इसको अभी सीखना है." संध्याकाळी सर्व्हरवरची माझ्या दुरुस्त नकाशाची फाईल गायब. कोणं उडवली ते विचारा लागत नाही. कॉपी आहे माझ्याजवळ, नालायका!

८ फेब्रुवारी
आई म्हणते, "एवढा राग बरा नाही, पोरी." राग कुठे — किळस आहे.

११ फेब्रुवारी
आज जोरात भांडण झालं. माझ्या नकाशात डाग बोलण्याच्या भागाले लागून येते. त्याच्या नकाशात दूर.
"जुनाच रिपोर्ट जाऊ दे," तो म्हणाला. "तुझा गेला तर ऑपरेशनच होणार नाही."
"मग नको होऊ दे! चांगला मेंदू कापतील, अन् फिट तशीच राहीन. तुले कावून एवढी घाई? पेशंट तुझा कोण लागते?"
तो बॅग उचलून निघून गेला. अडकला की पळते — अशीच जात त्याची.

१३ फेब्रुवारी
मॅडमनं दोन्ही नकाशे शेजारीशेजारी लावून पाहिले अन् माझा पाठवला. जिंकली मी! लॅबमध्ये समोसे वाटले. हेमराज सुट्टीवर आहे. बरंच झालं, त्याच्यासाठी एक कमी आणा लागला.

१८ फेब्रुवारी
मॅडमसोबत रायपूरले गेली. सर्जन म्हणाले, कापलं तर वाचा जाईल, ऑपरेशन नाही. मग त्यांनी पेशंटले आत बोलावलं.
हेमराज होता.
सगळं ऐकून घेतलं त्यानं. बाजूची खुर्ची रिकामी होती. मी उभीच राहिली.