एका पायावर उभं राहताना

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, टकल्या भावाचा साष्टांग नमस्कार (हल्ली खरोखर घालता येतो, उठवायला कुणी लागत नाही). तुझी तब्येत ठणठणीत असल्याचं मागच्या पत्रात तू तीनदा लिहिलंस, म्हणून विचारत नाही.

माझं म्हणशील तर, तीन महिन्यांपूर्वी दुकानात पोचलो आणि घड्याळ दुरुस्तीला आलेल्या बाईंनी सांगितलं, की माझ्या एका पायात चप्पलच नाही. कुठे सुटली, पायाला पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तळव्याला बारीक तार टेकवून पाहिली. चार ठिकाणी मला काही कळलंच नाही. साखरेमुळे नसा बधिर होताहेत म्हणाल्या. गोळ्या चालूच ठेवा, शिवाय ताई ची करा. मी म्हटलं, ताईची काय करू, ती माझ्याहून खमकी आहे. मग समजलं, की हा एक चिनी व्यायाम आहे (तुझा त्यात काही हात नाही).

वर्ग शाळेच्या हॉलमध्ये भरतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स. सगळं इतकं हळू करायचं, की माशीसुद्धा विश्वासानं अंगावर बसते. जन्मभर मी मागे पडलेली घड्याळं पुढे आणली, आणि इथे रोज मलाच 'सावकाश, काका'. तिसऱ्या दिवशी एका पायावर उभा असताना तोल गेला. मी पुढच्या पोस्टमास्तरांचा सदरा धरला, त्यांनी शिंपीणबाईंचा खांदा, आणि अख्खी रांग एकेक करत खाली बसली. तीही इतक्या संथपणे, की बाईंना वाटलं आम्ही पुढचा धडा घरून करून आलोय. पोस्टमास्तरांनी हसत हसत मला हात दिला. ही गेल्यापासून कुणी असं हात धरून उठवलं नव्हतं गं. घरी येऊन बिनसाखरेचा चहा टाकला, तो जुन्या सवयीनं दोन कप झाला.

आता साखर जरा उतरली आहे (सगळं श्रेय व्यायामाला देऊ नका, असं डॉक्टरीणबाई बजावतात). मोजे घालताना भिंत धरावी लागत नाही. थोरल्या बहिणीला शहाणपण शिकवण्याएवढा मात्र मी अजून झालेलो नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या सूनबाईचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या टाचेला तीन आठवडे जखम आहे आणि दुखत नाही म्हणून तू ती लपवतेस, हे तिनं रडत सांगितलं. ताई, दुखत नाही याचीच मला भीती वाटते.

पुन्हा ता. क. पाकिटावर तिकीट नाही, हे तू पाहिलंच असशील. दवाखान्यात तुझं नाव नोंदवून आलोय. समोर उभं राहून सांगायची छाती झाली नाही, म्हणून आधी पत्र आत पाठवलं. मी बाहेर पायरीवर बसलोय. ये.