सर्वांत चांगल्या शिक्षकाविषयी तीनशे शब्द

भाभी,

मला एक सर्टिफिकेट निवडायचं होतं आणि त्यात अख्खा महिना गेला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गिऱ्हाइकासमोर दोन थान ठेवले त ते पाच मिन्टात ठरवते, तुले महिना कायले लागला?" पण गिऱ्हाइकाला कापडाचा नुसता रंग आणि पोत बघायचा असतो. माझं तसं नव्हतं, आणि नेमकं काय होतं ते तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि आता पत्र लिहून काय उपयोग, हे मलाही कळतं. तरी लिहिते.

तुम्हाला माहीत आहे तितकं माहीत आहेच. शेलूबाजारातून निघाले ती थायलंडमध्ये आले, एका लहान शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि अकरा वर्षं इथंच आहे. आता व्हिएतनाममध्ये, दा नांगला, दुसरी नोकरी मिळतेय. तिथं समुद्र आहे, मोठ्या माणसांचे वर्ग आहेत, आणि इथल्या हेडबाई नाहीत, हे तिसरं कारण सगळ्यात मोठं. नव्या शाळेची अट एकच: रुजू होण्याआधी इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट हवं. दोन प्रकारची चालतील म्हणाले. एक घरी बसून. व्हिडिओ बघायचे, प्रश्नाखाली चार उत्तरं असतात त्यातल्या एकावर टिचकी मारायची, शेवटी आपलं आपणच छापून घ्यायचं. दुसरं बँकॉकला जाऊन चार आठवडे. तिथं खऱ्या विद्यार्थ्यांसमोर रोज शिकवायचं, मागच्या खुर्चीवर एक जण वही घेऊन बसणार आणि तास संपला की तुमच्या चुका तुम्हालाच वाचून दाखवणार. माझ्या शेजारच्या वर्गावर फिलिपीन्सची एक बाई आहे, ती म्हणाली, घरबसल्याचं घे आणि मोकळी हो, कागद कोण वाचत बसतं. बरोबरच होतं तिचं. मी होही म्हणाले. पण मन काही तिकडं वळेना, कारण अकरा वर्षं मी शिकवतेय खरी, तरी मला शिकवता येतं की नाही हे तुमच्यानंतर कुणी बसून पाहिलेलंच नाही. हेडबाई येतात त्या पंखे बंद केलेत का ते बघायला.

मग मी बँकॉकचा फॉर्म उघडला आणि तिसऱ्या पानावर अडकले. तिथं लिहिलं होतं: तुम्हाला भेटलेल्या सर्वांत चांगल्या शिक्षकाविषयी तीनशे शब्द लिहा. घरबसल्याच्या फॉर्ममध्ये असलं काही विचारत नाहीत. माझा महिना तिथं गेला, भाभी.

तुमचं कापडाचं दुकान माझ्या डोळ्यांसमोर अजून पूर्ण उभं राहतं. ओट्यावर बाबांची शिलाई मशीन, आत पांढरी गादी, लोड, भिंतीला छतापर्यंत थानं. तुमचे शेठजी दुपारी आराम करायला वर घरात गेले की चारपासून गादीवर तुम्ही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सुटून बाबांपाशी येऊन बसायचे, दहा वर्षांची असेन. थानाच्या काठावर इंग्रजी अक्षरं छापलेली असायची, ती मी एकेक करून पुटपुटतेय आणि आतून तुमचा आवाज येतो, "पुन्हा वाच. मोठ्यानं." मी घाबरून बाबांकडे बघते. बाबा मशीन थांबवत नाहीत, फक्त मान हलवतात, जा म्हणून. तुम्ही इंदूरच्या, सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या, लग्न होऊन इकडं आलात आणि तुमच्या त्या इंग्रजीला शेलूबाजारात विचारणारं कुणी नव्हतं. वर्षानुवर्षं वापरायला न मिळालेली वस्तू कुणीतरी मागितली, असा चेहरा झाला होता तुमचा. हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. अख्खं गाव बाबांना मास्तर म्हणायचं, शिंपी म्हणून. शिकवायच्या तुम्ही, आणि तुम्ही सगळ्यांच्या नुसत्या भाभी.

दुपारच्या गिऱ्हाइकांनी वीस ब्लाउजपीस उलगडून एक नेलेला असायचा. उरलेल्या ढिगापाशी तुम्ही मला बसवायचा आणि सांगायचा, एक घडी, एक वाक्य. घडी घालता घालता बोलायचं. हात रिकामे राहिले की जीभ अडखळते, हातांना काम दिलं की भीती तिकडं जाते, असं तुमचं शास्त्र. कुठल्याही कोर्समध्ये हे शिकवत नाहीत, मी चौकशी केली आहे. मी आवाज खाली नेला की तुम्ही गजाची पट्टी गादीवर आपटायचा. "हळू बोलशीन त चूक बी मले आयकू येनार नाही. मंग सुधरवू काय?" आणि आपला तास घड्याळावर चालायचाच नाही. तुमच्या जैन रीतीप्रमाणे तुम्हाला सूर्य मावळायच्या आत जेवायचं असे, त्यामुळे हिवाळ्यात जेमतेम दीड तास, उन्हाळ्यात चांगले अडीच-तीन. जीपवाले "वाशीम, वाशीम" ओरडताहेत, रस्त्यापलीकडच्या पत्र्यांवरचं ऊन वर वर सरकतंय, आणि तुम्ही माझं वाक्य अर्धं सोडून उठता. कितीतरी दिवस मला वाटायचं की इंग्रजी ही भाषा उजेड असेपर्यंतच बोलतात. हे मी इथल्या पोरांना सांगितलं तर ती इतकी हसली की तास तिथंच संपला.

पर्युषण संपायच्या दिवशी, संवत्सरीला, तुम्ही गादीवरून उतरून ओट्यावर यायचा. बाबांसमोर हात जोडून म्हणायचा, "मिच्छामि दुक्कडम, मास्तर. वर्षभरात काही बोलली असन, मन दुखलं असन, त माफ करा." बाबाही उठून हात जोडायचे. मग तुम्ही माझ्याकडे वळायचा आणि तेच सगळं माझ्यासमोर, हात जोडून. पहिल्या वर्षी मी फिस्सकन हसले. बाबांनी सुईसारखं बघितलं माझ्याकडे. "हासू नको. हात जोड. तू बी म्हन." मी म्हटलं. काय म्हणतेय ते न कळता म्हटलं, आणि पुढं दर वर्षी तसंच म्हणत गेले.

आता ती गोष्ट, जी आपण दोघींनी कधी बोलून काढली नाही. थायलंडच्या पहिल्या नोकरीसाठीही असाच निबंध मागितला होता. नागपूरचा एजंट म्हणाला, कॉन्व्हेंट दाखवा मॅडम, दुकान-बिकान चालणार नाही. पण एजंटवर ढकलून मी सुटत नाही, कारण त्यानं सांगण्याआधीच मी सिस्टर लिहून मोकळी झाले होते. मला लाज वाटत होती. कापडाच्या दुकानात, कटपीसच्या ढिगापाशी बसून शिकलेलं इंग्रजी, ते सांगायची लाज. म्हणून एक उंच, गोरी, कडक सिस्टर तयार केली, तिला एक शाळा दिली, आणि शिकवण्याची रीत मात्र मला दुसरी कुठली ठाऊकच नव्हती, तेव्हा तुमचीच दिली. तिच्या शाळेत मुली प्रार्थनाघरातल्या कापडांच्या घड्या घालत इंग्रजी बोलायच्या. मी हे वाशीमला छापून घेतलं, जीपनं शेलूबाजारला आले आणि उतरल्या उतरल्या कागद तुमच्या हातात दिला. तपासायला.

हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही, पण तो कागद कुणाविषयी आहे हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा वर्षांची असल्यापासून इंग्रजीत जे काही लिहिलं ते तुम्हाला दाखवायचं, ही सवय. सुटीचा अर्ज दाखवला, एम.ए.चे निबंध दाखवले, हाही दाखवला. तुम्ही चष्मा लावलात, बिलबुकातलं पेन काढलंत, वाचायला लागलात. पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्याच्या मध्यावर तुमचं पेन थांबलं आणि मला कळलं मी काय केलंय ते. बाहेर बाबांची मशीन चालू होती. मी कागद ओढून घेऊ शकले असते. नाही घेतला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आमाले त सिस्टरनं कधी घड्या नाही कराले लावल्या." तेवढंच. पुढं वाचलंत, तीन ठिकाणी दुरुस्ती केलीत, आणि सिस्टरनं पट्टीनं मारल्याचं एक वाक्य होतं त्यावर काट मारलीत. "हे मारलं-बिरलं लिवू नको. तिकडच्या लोकाईले आवडत नाही." कागद माझ्या हातात दिलात. "जाय. सायबरवाला बंद करन."

मी गेले. तिन्ही दुरुस्त्या केल्या, मारल्याचं वाक्य काढलं, सिस्टर तशीच ठेवली. नोकरी मिळाली.

निघायच्या दिवशी तुम्ही एक गठ्ठा दिलात. रुमालाएवढे कटपीस, वेगवेगळ्या रंगांचे, आणि बाबांकडून प्रत्येकाच्या कडा शिवून घेतलेल्या. बाबा आठवडाभर ते काम माझ्यापासून लपवून करत होते. "तिकडं पोरं घड्या कशाच्या करतीन?" असं म्हणालात. मी वाकून नमस्कार केला आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न दिला. माझ्या पोरांनी त्या कापडांवर अकरा वर्षं घड्या घातल्या. त्यातली दोनच शिल्लक आहेत, बाकीची विरून गेली.

त्यानंतर तीन संवत्सऱ्या आल्या. तिन्ही वेळा सकाळी सकाळी फोनवर तुमचा मेसेज, मिच्छामि दुक्कडम, काही चुकलं असेल तर माफ कर. तुम्ही माझी माफी मागत होतात. मी तिन्ही वेळा जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि वर्गावर गेले. माफी मागायला अख्खा एक दिवस राखून ठेवलेला असतो, समोरच्या माणसानं सुरुवातही करून दिलेली असते, आणि मला एक वाक्य टाइप करवलं नाही. स्वतःचा इतका राग दुसऱ्या कुठल्या गोष्टीनं येत नाही मला.

मध्ये एकदाच घरी आले. दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात. ठरवूनच आले होते की सांगायचं. दुकानात आले, गादीच्या कडेला बसले, तुम्ही पाणी मागवलंत. मी थाई लोकांच्या जेवणाविषयी बोलले, पोरांविषयी बोलले, विमानाविषयी बोलले. तुम्ही हसत होतात, खोकत होतात, तो खोकला मी थंडीचा समजले. शेवटी म्हटलं, "भाभी, तो निबंध." तुम्ही पलीकडच्या पत्र्यांकडे बघितलंत. ऊन जायलाच आलं होतं. "जेवून येतो, पोरी. पंधरा मिन्ट बस. नाही त उद्या ये," असं म्हणून गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि जिना चढून गेलात. मी ओट्यावर आले. बाबा मशीन झाकत होते, म्हणाले, "चालतं का घरी?" आणि मी चालले. उद्या येऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी मामाकडं रिठदला जाणं निघालं, तिसऱ्या दिवशी परतीची गाडी होती.

पुढच्या संवत्सरीनंतर बाबांचा फोन आला. "भाभी गेली व. आमी सारे जाऊन आलो. तू येऊ नको, कायले सुटी वाया घालवतं." मी गेले नाही. त्या दिवशी चार तास घेतले, चारही तासांना पोरांना घड्या घालायला लावल्या आणि कुणाची एकही चूक सुधारली नाही. बाबा सांगतात, दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मला तुमची आठवण येते, भाभी, अशी साधी आणि रोज. काही बरोबर लिहिलं तर जास्त येते, कारण ते दाखवायचं कुणाला.

फॉर्म आज दुपारी पाठवला, बँकॉकचा. यावेळी सिस्टर नाही. तीनशे शब्दांत तुम्हीच आहात: दुकान, गादी, ओट्यावरची मशीन, घड्या, मावळतीला अर्धं सोडलेलं वाक्य. पहिल्या निबंधातलं खोटंही कबूल केलंय, तुमच्या तीन दुरुस्त्यांसकट. कुणाला तपासायला दिला नाही. तो खरा आहे, शेवटची दोन वाक्यं सोडून. ती मी तीनदा खोडली आणि तीनदा परत लिहिली, आणि मग तशीच पाठवली, कारण ती वाचताना मला फार बरं वाटत होतं. निबंधात, भाभी, तुम्ही जेवून खाली येईपर्यंत मी ओट्यावर थांबले आहे.