ब्रेक गार झाल्यावर

सोलापूर,
गुरुवार, ता. १४ ऑक्टोबर १९७६

तीर्थस्वरूप हिंदुराव दाजी,

जोतीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडं सगळी माणसं धडधाकट आहेत. तुमचं कसं चाललंय ते विचारत नाही, कारण आक्का चार दिवस माहेरपणाला राहून गेली आणि तिनं सगळं सांगितलं.

दसरा बरा झाला. खंडेनवमीला गॅरेजात पान्हे, जॅक, हातोडे मांडून पूजा केली. मल्लप्पा शेठनी सगळ्यांना एकेक पेढा दिला, मला दोन दिले. मंगळवेढ्याची ज्वारी पेरून झाली, उगवण चांगली आहे, असं थोरल्याचं पत्र आलंय. आक्कानं शेंगाची चटणी कुटून ठेवलीय. तिचा हात तिखटाला पहिल्यापासून सैल. खाताना डोळ्यांत पाणी येतं आणि हात परत तिकडंच जातो.

ती सांगत होती, तुमच्या करकंबच्या कुंडलिकनं नवा ट्रॅक्टर घेतलाय आणि चालवायला तुम्हालाच बोलावतोय. तुम्ही नको म्हणालात. तुमचा परवाना सहा महिन्यांत परत मिळाला, तो पेटीत घालून ठेवलाय, आणि वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस दुसऱ्याच्या उसाला पाणी धरतोय. कुंडलिकला तुम्ही म्हणालात म्हणे, ‘माझा पाय फसवतो. घाटात फसवला, तुझ्या रानात बी फसवंल.’

दाजी, असलं मनात आणू नका. दीड वर्ष झालं त्या गोष्टीला. तुळजापूरच्या घाटात गाडी थांबली नाही, तुम्ही ती डोंगराच्या अंगाला घातली म्हणून जीव वाचला. बिरप्पा धनगराची नऊ मेंढरं गेली, तुमचा घोटा मोडला, तेवढ्यावर निभावलं. ब्रेक मीच केला होता आणि तो चांगला होता, हे तपासणीच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी बघितलंच. पण पाय एखाद्या वेळी चुकायचाच, पायाला काय डोळे असतात? तेवढ्यासाठी जन्मभर गाडीला हात लावायचा नाही म्हणजे काय? तेव्हा कुंडलिकला व्हय म्हणा आणि

शुक्रवार, जेवणाची सुट्टी

काल वरचं अर्धवट सोडून उठलो. आज वाचलं तर माझी मलाच किळस आली. खोडत नाही आणि फाडतही नाही. मी काय माणूस आहे ते तुम्हाला कळू दे. आंतरदेशीय पत्र तेवढ्यातच भरलं, म्हणून पुढचं गॅरेजच्या कागदांवर लिहितोय.

तुम्ही एवढी वर्षं गाडी चालवलीत, पण पेडलच्या खाली काय चालतं ते कधी विचारलं नाहीत. ‘ते तुझं खातं’ म्हणायचात. तर आज माझं खातं सांगतो. कंटाळा आला तरी वाचा.

पेडल दाबलं की सिलिंडरमधलं तेल पुढं रेटलं जातं. ते नळ्यांतून चारी चाकांत जातं आणि ड्रमला आतून पट्टे घट्ट बसतात. तेल रेटायला सिलिंडरात रबराची एक वाटी असते, अंगठ्याएवढी. सगळा जोर तिच्यावर. पेडल सोडलं की तेल सुईएवढ्या भोकातून मागं येतं आणि चाकं मोकळी होतात. एवढंच आहे सगळं.

आता गॅरेजचा रिवाज असा, की काहीही खोललं की ते रॉकेलच्या परातीत टाकायचं आणि ब्रशनं घासायचं. बेअरिंग असो, गिअर असो, सगळ्याला ती एकच परात. फक्त ब्रेकची रबरं तिच्यात टाकायची नाहीत, ती स्पिरिटनं पुसायची. रॉकेल लागलं की रबर फुगतं. लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी. माझ्या वस्तादांनी हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, तेही कान धरून. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

एप्रिलातला मंगळवार होता. स्पिरिटची बाटली रिकामी. दुकान कोपऱ्यावर, दोनशे पावलांवर. ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. म्हटलं, कोण मरतंय तिथवर जाऊन. तुमच्या गाडीची रबरं परातीत बुचकळली, फडक्यानं पुसली, बसवली. मग नेहमीसारखं खडूनं काचेवर लिहिलं, ‘ब्रेक ठीक, जो.’ मेव्हण्यानं लिहिलंय म्हणजे बघायचं कारण नाही, असं शेठना सांगून तुम्ही गाडी बाहेर काढलीत.

गुरुवारी तुम्ही परत आलात. म्हणालात, गाडी जड चालतीया, चाकं तापत्यात. मी दुसऱ्या गाडीखाली आडवा होतो. डोकंसुद्धा बाहेर न काढता म्हणालो, माल लई भरलाय की. तुम्ही हसलात आणि गेलात.

वाटी फुगली, ते भोक बुजलं, तेल मागं येईना. तुम्ही पाय काढला तरी ब्रेक थोडा लागलेलाच राहायचा. शुक्रवारी घाट उतरताना ड्रम तव्यासारखे तापले आणि तेल उकळलं. तेल कितीही दाबलं तरी दबत नाही, वाफ दबते. तुम्ही पेडल तळाला नेलंत तेव्हा खाली नुसती वाफ होती. दुसऱ्या दिवशी साहेब येईपर्यंत सगळं गार झालं होतं, वाफ जिरली होती. त्यांनी पेडल दाबलं तर दगडासारखं घट्ट. त्यांची काही चूक नाही. गार झाल्यावर ब्रेक परत येतो. ब्रेक उत्तम आहे, ड्रायव्हरचा पाय क्लचवर पडला असावा, असं लिहून ते गेले आणि त्यावरून तुमचा परवाना काढून घेतला.

तुम्ही दवाखान्यात येईल त्याला सांगत होतात की मी ब्रेकच दाबला. मी तुमच्या उशाशी उभा होतो. तेव्हा मला खात्री नव्हती, पण ती रॉकेलची परात आठवली होती. चहा आणतो म्हणून बाहेर गेलो.

आठ दिवसांनी तीच गाडी दुरुस्तीला माझ्याकडं आली. सिलिंडर खोलला. वाटी भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगलेली. मी नवी बसवली आणि जुनी घरी नेऊन बंबात टाकली. एकदा धीर करून म्हणालो, शेठ, त्या ब्रेकचं जरा बोलायचं होतं. शेठ टायर बघत होते. ते त्यांच्या कानडीत म्हणाले, ‘इरली बिडू.’ म्हणजे राहू दे, सोड. मी लगेच सोडलं, मला तेवढंच पाहिजे होतं. काम सुटेल, सोलापुरात कुठलंही गॅरेज मला उभं करणार नाही, ही भीती होती. ती अजून आहे. पुढं तुमचा परवाना परत मिळाला तेव्हा मनाशी म्हटलं, मिटलं एकदाचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आक्का निघाली तेव्हा स्टँडवर मला म्हणाली, ‘मला सुदीक आता तेंचाच पाय चुकला वाटतंय. पर तू येकदा सांग. ब्रेक व्हता का न्हाय?’

मी म्हणालो, ‘व्हता की.’

ती मान हलवून बसमध्ये चढली. दीड वर्ष सगळ्या गावात ती एकटी तुमच्या बाजूनं होती. तिलाही मी तुमच्यापासून तोडलं. दाजी, त्या ‘की’ची मला फार लाज वाटते. नुसतं ‘व्हता’ म्हणालो असतो तर तिला निदान शंका तरी आली असती.

आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. पेडलपासून सिलिंडरात जो लोखंडी दांडा जातो, तो गाडी खोलली तेव्हा वाकलेला होता. बोटाएवढा जाड दांडा. क्लचचा दांडा सरळ होता, मी दोन्ही काढून शेजारी ठेवून बघितले. मग वाकलेला तापवून, ठोकून सरळ केला आणि परत बसवला. म्हणजे गाडी डोंगरावर आदळेपर्यंत तुम्ही पाय काढला नव्हता, दाजी. अंगाचा सगळा भार घालून तो ब्रेकवरच दाबून धरला होता. घोटा त्यामुळंच मोडला. मला हे त्याच दिवशी कळलं, आणि त्यानंतर दीड वर्ष तुमचाच पाय चुकला असं मी लोकांना बोलू दिलं.

हे पाकीट आजच टपालात टाकतो. सोमवारपर्यंत पोचेल. मंगळवारी शेठना सगळं सांगणार आणि परवान्याच्या साहेबांना माझ्या सहीनं लिहून देणार. आधी तुम्हाला कळावं म्हणून एवढं थांबलोय. मग माझं काय व्हायचं ते होईल. बिरप्पाकडंही जायचं आहे, त्याला काय सांगायचं ते अजून सुचत नाही.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची का नाही, हा घोर परत तुमच्याच गळ्यात. हे पत्र आक्काला वाचून दाखवा, एकही ओळ गाळू नका. तिनं मला तोंड दाखवू नको म्हटलं तर दाखवणार नाही.

तुम्ही मात्र कुंडलिककडं जा. ट्रॅक्टरवर बसा. पाय ठेवायच्या आधी ब्रेक दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

मेव्हणा असं लिहायला आज हात धजत नाही.

तुमच्या पायावर आळ आणणारा,
जोतीराम