ओंडका आतून पोकळ करणेबाबत

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. बत्तीस वर्षं खरेदी विभागात काढली की कागदावर न आलेली गोष्ट झालीच नाही असं वाटायला लागतं.
निवृत्त झाल्यावर लाकूड कातायचा लेथ घेतला, त्याला आठ महिने झाले. आजवरचं उत्पादन: दाराच्या सहा मुठी, एक भोवरा (फिरत नाही).
सासऱ्यांच्या अंगणातलं झाड वाऱ्याने पडलं. बायको जन्मली त्या वर्षी त्यांनी ते लावलं होतं. त्यातला एक ओंडका ती काल गाडीत घालून घेऊन आली. म्हणाली, बाबा वीस मार्चला राहायला येतायत, डोळ्यांनी आता जवळजवळ काहीच दिसत नाही, याचं एक भांडं करून त्यांच्या हातात द्यायचंय, जमेल का तुम्हाला?
जमेल का म्हणे. दीड महिना आहे. मला पंधरा दिवस पुष्कळ झाले.

४ फेब्रुवारी
बाहेरून कातून झालं. पोट गोल, मान निमुळती. कुणी काही म्हणो, आकार साधलाय. बायकोने त्यावरून हात फिरवला, परत एकदा फिरवला.
आता फक्त आतून पोकळ करायचं राहिलं. तोंड दोन बोटं जातील एवढंच ठेवणार. मोठ्या तोंडाचा वाडगा काय, कोणीही करतो.

५ फेब्रुवारी
किरकोळ अडचण. बारीक तोंडातून आत शिरून कडेचं लाकूड काढायला साधी पटाशी चालत नाही. त्यासाठी वेगळी टूल सिस्टिम लागते. दिवसभर व्हिडिओ पाहिले.
तीन प्रकार आहेत. पहिला: लांब दांड्याचं हत्यार, नुसतं हाताने धरायचं. आत अडकलं की मनगट गेलं. दुसरा: दांडा मागे एका चौकटीत अडकवलेला, त्यामुळे झटका चौकट खाते. तिसरा: कोपरातून वाकणारा लोखंडी हात, वर लेझर. भांड्याची भिंत किती जाड उरली ते लाल ठिपका बाहेरून दाखवतो.
घाईने निर्णय घेणार नाही. तुलनात्मक तक्ता करायला घेतला.

९ फेब्रुवारी
तक्ता पूर्ण. अकरा रकाने. पल्ला, कंपन, दांड्याची जाडी, धार लावण्यातली सुलभता वगैरे. शेवटचा रकाना ‘शेरा’. तो भरायला दोन दिवस गेले. ऑफिसात असा तक्ता झाला असता तर साहेबांनी इतरांना दाखवला असता.
बायकोने विचारलं, झालं का? सांगितलं, प्रक्रिया सुरू आहे.

१२ फेब्रुवारी, दुपारी
बायकोच्या आग्रहाखातर बाजारामागच्या कातारीकडे गेलो. म्हातारा गृहस्थ, जन्मभर खुर्च्यांचे पाय कातत आलाय. मोबाइलवर ओंडक्याचा फोटो दाखवला. त्याने आकाराबद्दल एक शब्द काढला नाही. झाड कधी पडलं एवढंच विचारलं. म्हणाला, ओलं आहे अजून. बाहेरून गोल करून आत भरलेलं ठेवू नका. वरचं आधी वाळतं, आतलं मागे राहतं, मग लाकूड उलतं. उद्या घेऊन या, तासाभराचं काम आहे.
कशाने करणार, विचारलं. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा एक लोखंडी दांडा काढून दाखवला, टोकाशी वाकवलेला. ही सिस्टिम कुठली म्हटलं, तर म्हणाला, आकडी.
घरी येऊन तक्त्यात चौथी ओळ वाढवली. आकडी. उत्पादक: माहीत नाही. मॉडेल: नाही. पल्ला: हात पोचेल तितका. निकषांत बसत नाही. बाद.
सल्ला मात्र मानला. मी काही हेकट नाही. ओंडका ओल्या भुशात घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला.

१७ फेब्रुवारी
लेथवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर तक्ता टाकला. त्रेचाळीस उत्तरं आली. ज्याच्याकडे जी सिस्टिम आहे, त्याच्या मते तीच उत्तम. एकाने लिहिलं, काका, आधी धार लावायला शिका. ग्रुप सोडला.
ओंडका ठीक आहे. रोज पिशवी उघडून बघतो. बायको म्हणते, रोज उघडता म्हणूनच वाळेल तो. तिला देखरेख ही गोष्ट कळत नाही.

२४ फेब्रुवारी
निर्णय. प्रकार तिसरा, लेझरसह. ऑर्डर दिली. फार हलकं वाटतंय. अर्धं काम झाल्यासारखंच आहे.

३ मार्च, दुपारी ४
सिस्टिम आली. सकाळपासून जोडत होतो. लोखंडी हात देखणा आहे. लाल ठिपका सुरू केला, भिंतीवर फिरवला, मजा आली.
बसत नाही.
लोखंडी हाताखालचा ठोकळा लेथच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत जायला हवा. ठोकळा चव्वेचाळीस मिलिमीटर, माझी फट अडतीस. तक्ता काढून पाहिला. अकरा रकाने आहेत, फटीचा नाही.
बायकोला सांगितलं, बारीकसं फेरफाराचं काम निघालंय.

७ मार्च
चार दिवस कानस. सहा मिलिमीटर लोखंड हाताने घासून काढलं. उजव्या हाताने पेला धरवत नाही. पण ठोकळा बसला.

८ मार्च
लोखंडी हात मागे जवळजवळ हातभर सरकावा लागतो, तेव्हा कुठे त्याचं टोक ओंडक्यासमोर मावतं. स्वयंपाकघरामागच्या या खोलीत लेथच्या मागे हातभर जागा नाही. तिथे वॉशिंग मशीन आहे.
बायकोला म्हटलं, मशीन हलवू या. म्हणाली, नळ तिथेच आहे, तुमचा लेथ फिरवा. लेथ मी स्वतः बारा बोल्ट मारून जमिनीत बसवलाय, कंपन नको म्हणून. तेव्हा फार विचार केला होता.

१० मार्च
नऊ बोल्ट निघाले.

११ मार्च
दहावा काढताना कमरेत काहीतरी झालं. ओरडलो असं बायको म्हणते. मला आठवत नाही.

१२ मार्च
डॉक्टर म्हणाले, आठवडाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही. त्यांना वीस तारखेचं सांगितलं. ते म्हणाले, कुठल्या वीस तारखेचं?

१४ मार्च, दुपारी
पडून आहे. मागच्या खोलीतून आवाज आला. टक्. बायको म्हणाली, स्वयंपाकघरातलं भांडं हललं असेल. मी हो म्हटलं. मला कळलं होतं.

१५ मार्च
भिंत धरत धरत गेलो. पिशवी उघडली. तडा गेलाय. मानेपासून पोटापर्यंत, नख जाईल एवढा. भरून काढता येईल. लाकडाला तडा ही एक प्रकारची नक्षीच.

१७ मार्च
आता तड्यात पोस्टकार्ड उभं राहतं.
बायको भाजी आणायला गेली तेव्हा रिक्षा करून कातारीकडे गेलो. ओंडका रिक्षावाल्याने उचलला. कातारीने तो हातात फिरवून फिरवून पाहिला. म्हटलं, आज करून द्या, आकडी चालेल. म्हणाला, आता आकडी लावली तर दोन फोडी होतील. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. बसायला स्टूल दिलं, चहा घेणार का विचारलं. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१९ मार्च
बायको फोनवर सासऱ्यांशी बोलत होती. म्हणाली, बाबा, तुमच्यासाठी एक गंमत आहे, आत्ता सांगणार नाही. तिचा असा आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकला. ती पिशवी उघडून बघत नाही. माझ्यावर सोपवलंय म्हणते.
उद्या सकाळी लवकर तिला सगळं सांगणार. लाज वाटते, पण सांगणार.

२० मार्च, सकाळी ८
ती अंघोळीला गेलीय. बाहेर आली की सांगतो.

२० मार्च, सकाळी ९.३०
स्टेशनवर गेली.

२० मार्च, संध्याकाळी ५
सासरे चहा घेऊन बसले, तशी बायको मागच्या खोलीत गेली. मी उठेपर्यंत पिशवीची गाठ सुटली होती. ओंडका छातीशी धरून ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तोवर सासऱ्यांनी हात पुढे केले होते. तिने तो त्यांच्या मांडीवर ठेवला.
ते चाचपडत राहिले. गोलाईवरून दोन्ही तळवे फिरवले. म्हणाले, वजन आहे हो. गुळगुळीतही छान केलंय. मग बोट तड्यावर गेलं. म्हणाले, तोंड अगदीच बारीक ठेवलंत, जावईबापू.
मी म्हणालो, हो, तेच तर अवघड असतं. का म्हणालो देव जाणे.
त्यांनी नख आत घालून पाहिलं. बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, कान जवळ नेऊन पुन्हा वाजवलं. म्हणाले, भरीव वाजतंय. मी त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला. मग तेच म्हणाले, असू दे, मला काय त्यातलं कळतंय, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार.
बायको पुन्हा दारात जाऊन उभी राहिली होती. म्हणाली, हो बाबा, हे यांनीच केलंय.