‘गुंडाळी’ कोणाच्या हाती द्यावी

मी, शिवम्मा राजेशम येमूल, वय बहात्तर, धंदा खाद्यविक्री, राहणार पूर्व भाग, सोलापूर, माझ्या पश्चात काय कोणाला मिळावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांनी डॉक्टरचा दाखला मागितला होता. पण आज सकाळी मी सहा दुकानांच्या शेंगाचटणीची चव घेतली आणि त्यातल्या एकीत लसूण कमी आहे हे पकडलं, ते पाहिल्यावर त्यांनी दाखल्याचा आग्रह सोडला.

खाली लिहिलेली सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. हा शब्द वकीलसाहेबांचा, पण मला फार आवडला.

कलम १. राहतं घर, वरच्या दोन खोल्या व गच्चीसह, माझा मुलगा चि. अंबादास यास द्यावं. त्याच्यावर माझा राग आहे असं लोक बोलतात. तो होता, आता नाही. त्याचं कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम २. विड्या वळायचं माझं सूप आणि कात्री कोणाला देऊ नये. ती पहिल्या दुकानात, गल्ल्याच्या वर टांगलेली आहेत, तिथेच राहावीत. नव्या बाया विचारतात, म्हणून त्यामागची हकीकत इथे लिहून ठेवते.

नवव्या वर्षापासून बावीस वर्षं मी विड्या वळल्या. दिवसाला हजार. एके दिवशी कारखान्यातल्या चेकरने, येडूमामांनी, माझ्या हजारातल्या तीनशे छाट म्हणून बाजूला टाकल्या. मी म्हटलं, “कुठं खराब हाय ते दाखवा की.” ते वर न बघता म्हणाले, “वरनं सांगितलंय. सगळ्यांच्याच छाटायच्या हायत.” मी उरलेल्या सातशेही त्यांच्या पुढ्यात ओतल्या आणि रिकामं सूप घेऊन घरी आले. पदरात दोन वर्षांचा अंबादास. नवऱ्याला सांगितलं, तर ते यंत्रमागावर निघाले होते, पायात चप्पल घालता घालता एवढंच म्हणाले, “मग उद्यापासून काय करायचं ते ठरव, स्टो मी उचलून नेतो.”

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडच्या कडेला त्यांनी स्टो मांडून दिला. मी धपाटे लावले आणि ताटलीत चटणी-दही घालून विकायला लागले. पण गाडी थांबायची दहा मिनिटं. कंडक्टरने घंटी मारली की लोक अर्धी ताटली टाकून पळत. चौथ्या दिवशी अक्कलकोटचा एक माणूस चालत्या गाडीच्या दारातून ओरडला, “अहो बाई, हातात द्या की!” मी धपाट्यावर चटणी पसरली, गुंडाळला, कागदात घातला, आणि विडीचं तोंड मुरगळतात तसं कागदाचं टोक मुरगळून त्याच्या हातात दिला. बोटांना विचार करावा लागला नाही. त्या दिवसानंतर मी ताटल्या घरी नेल्या त्या परत आणल्या नाहीत.

कलम ३. माझे दीर यांना काहीही देऊ नये. गुलबानोबरोबर धंदा केला म्हणून ते अकरा वर्षं माझ्या घरी जेवले नाहीत. मात्र त्यांना आमच्या कोणत्याही दुकानात आयुष्यभर फुकट खाता येईल, पण फक्त अंड्याची गुंडाळी.

गुलबानो कोण, हे नव्यांना सांगायला हवं. ती स्टँडवर उकडलेली अंडी विकायची आणि जागेवरून माझ्याशी रोज भांडायची. एकदा एका गिऱ्हाइकाने तिच्याकडचं अंडं घेतलं, माझ्या धपाट्यात दाबलं आणि दोघींच्या मध्ये उभं राहून खाल्लं. खाऊन म्हणाला, “आणखी एक.” आम्ही एकमेकींकडे बघितलं. भांडण तिथेच संपलं, आणि पुढे दोघींनी मिळून दुकान काढलं. पहिल्या दुकानाची पाटी माझ्या नवऱ्याने रंगवली, ‘गुडांळी’, अनुस्वार चुकीच्या जागी. आज सव्वीस दुकानांवर तो तसाच आहे, पुण्यातल्या तिन्हींवर आणि कलबुर्गीच्या कानडी पाटीखालीसुद्धा. तो कोणी दुरुस्त करू नये. ते गेले, त्यांचं अक्षर राहू द्या.

कलम ४. येडूमामांना आजन्म पूर्ण पगार द्यावा, कामावर आले तरी आणि नाही आले तरी. कारखाना बंद पडल्यावर ते आमच्याकडे काम मागायला आले. मी त्यांना बराच वेळ उभं ठेवलं, हे खरं आहे. मग विचारलं, “त्या दिवशी माझ्या विड्या खराब होत्या का?” ते म्हणाले, “न्हाय. सोलापुरात तुज्यावानी वळणारी न्हवती. मला बी लेकरं होती, शिवम्मा.” मी त्यांना आमच्या मोठ्या स्वयंपाकघरात चेकर नेमलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातचे चाळीस धपाटे छाटले. मी तणतणत गेले, तर प्रत्येकाची कच्ची कड बोट लावून दाखवली. चाळीसही बरोबर छाटले होते. तेव्हापासून आमचा नियम आहे तो पुढेही चालावा: बाईचं काम नाकारायचं तर चूक तिला दाखवून नाकारायचं.

कलम ५. आता ‘गुडांळी’ या नावाबद्दल. नोंद माझ्या आणि गुलबानोच्या नावे अर्धी अर्धी आहे.

नऊ वर्षांपूर्वी एक मोठी कंपनी हे नाव विकत घ्यायला आली. धपाट्याऐवजी मैद्याची पोळी, चटणीऐवजी बाटलीतला सॉस, नाव तेवढं आमचं. अंबादासने मला न विचारता होकार कळवला होता. कागद समोर आला तेव्हा गुलबानो म्हणाली, “शिवम्मा, तू सही करी तो मैं करती. तू नै बोली तो मैं बी नै.” मी नाही म्हटलं.

तीन महिन्यांत त्यांनी स्टँडसमोर, आमच्या बरोबर पुढ्यात, स्वतःचं दुकान थाटलं. गाणी, दिवे, थंडगार हवा. आमचं गिऱ्हाईक निम्मं झालं. अंबादास म्हणाला, “अम्मा, बंद करू.” तेव्हा गुलबानोची मुलगी आयेशा गल्ल्यावर बसायची. ती उठली आणि प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला भेटून आपला नंबर देऊन आली. मग वैरागच्या, अकलूजच्या, माढ्याच्या गाड्यांतून वाटेतच फोन यायला लागले: “पोरी, अठरा गुंडाळ्या, सहा अंड्याच्या, पाऊण तासात पोचतो.” गाडी फलाटाला लागायची आणि आयेशाच्या बाया दारात उभ्या. उतरून समोर जायला कोणाला वेळच उरला नाही. अकराव्या महिन्यात कंपनीने गाशा गुंडाळला. ती जागा आम्ही भाड्याने घेतली. फरशी अजून त्यांचीच आहे, चांगली आहे.

त्या दुकानाची फीत मी अंबादासला कापायला लावली. कात्री हातात घेऊन तो थांबला. म्हणाला, “अम्मा, मला पैसा नको होता. मला तुला एकदा निवांत बसलेली बघायची होती.” मी म्हटलं, “बसून मी बावीस वर्षं विड्या वळल्या, बाळा. उभी राहिले तेव्हा कुठं माझं सुरू झालं.” तो रडला, मग हसला, मग फीत कापली. त्या दिवशी राग गेला.

तरी नाव त्याला देत नाही. नावावरचा माझा अर्धा हक्क आयेशा मुबीन शेख हिला द्यावा. विकायचं की नाही, काय बदलायचं, हे तिने ठरवावं. माझ्या अर्ध्या हिश्श्याचं उत्पन्न अंबादासला व त्याच्या मुलांना मिळावं. हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं. आयेशा घाबरून म्हणाली, “खाला, लोक काय म्हणतील?” अंबादासच म्हणाला, “काय म्हणायचं ते म्हणू दे. मी विकलं असतं, तू विकणार न्हाईस. घे.”

कलम ६. वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी यादी करत बसले. ओळखीचं जे माणूस सुचलं त्याचा या कागदाशी काही ना काही संबंध निघाला. शेवटी पहिल्या दुकानाबाहेर आले आणि उभ्याने खात असलेल्या दोघांना आत बोलावलं. मंगळवेढ्याच्या एक शिक्षिका आणि एसटीचे एक ड्रायव्हर. दोघांनी मला आधी कधी पाहिलेलं नाही.

ड्रायव्हरने विचारलं, “मावशी, कागद कसला हाय?”

“मी मेल्यावर काय करायचं त्याचा.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “मग घाई कशाला? तुमी लई ठणठणीत दिसताय.” तरी पेन घेतलं.

मी दोघांच्या समक्ष सही केली, आणि माझ्या समक्ष त्या दोघांनी केली:

(सही) शिवम्मा राजेशम येमूल

साक्षीदार १: (सही) मायाक्का बिराजदार, शिक्षिका, मंगळवेढा

साक्षीदार २: (सही) मानसिंग गरड, एसटी ड्रायव्हर. सहीवर तेलाचा डाग आहे तो माझ्या गुंडाळीचा आहे. खाडाखोड समजू नये.

ठिकाण: सोलापूर, एसटी स्टँडसमोर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५. गाडी सुटायला चार मिनिटं असताना.