तालिपानच्या तळाशी रविवारची फेरी

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. हातून ऐतिहासिक काम होणार आहे, तेव्हा नोंद हवी. कुणाला वाचायला देणार नाही.

धरणाचं पाणी त्रेचाळीस वर्षांत इतकं खाली गेलं नव्हतं. जुनं तालिपान उघडं पडलंय. चर्चचा अर्धा मनोरा, कचेरीच्या पायऱ्या, चौकातला क्रॉस, सगळं जागच्या जागी. नव्या गावाची कपितान देल्फिना (गावची प्रमुख, माझीच विद्यार्थिनी, गणितात कच्ची) काल घरी आली. म्हणाली, दर रविवारी गावातल्या कुटुंबांना तळात फिरवून आणा सर. पोरांना कळू दे आजोबांचं घर कुठे होतं. इतिहास तुम्ही सांगा, झाडं-पक्षी शाळेतली शिक्षिका जोनालिन सांगेल. मी म्हटलं, पक्षीही मी सांगतो. ती म्हणाली, नको.

माझी निवड योग्यच. गाव हलवताना कबरींची यादी मी केली होती, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा. दोनशे बारा कबरी. एकही चूक नाही. अक्षराचं धरणाच्या इंजिनियरने कौतुक केलं होतं.

सालिंगला रूटचा नकाशा दाखवला. बायको म्हणून नव्हे, जुनी तालिपानकर म्हणून. बराच वेळ बघून म्हणाली, यात दफनभूमी नाही, मायेस्त्रो (म्हणजे मास्तर). म्हटलं, नव्वद मिनिटांत बसत नाही. ती शेंगा सोलायला गेली.

संकल्प: फेरी बरोब्बर नव्वद मिनिटं. विषयांतर नाही. आवाज खणखणीत.

रविवार, १० मार्च
पहिली फेरी. सहा कुटुंबं, एकतीस माणसं. प्रचंड यश.

प्रास्ताविक बावीस मिनिटं झालं. तोवर मुलं कचेरीच्या पायऱ्यांवर चढून खाली उड्या मारत होती. म्हणजे उत्साह आहे. सुकलेल्या तळावर सगळीकडे लाजाळू उगवलंय, जोनालिनने मुलांना पानं मिटवून दाखवली. तिच्याभोवती गर्दी जास्त होती, पण ती सावलीत उभी होती, त्यामुळे.

मेत्रिंग आजीही आल्या. ऐंशी वय, हातात छत्री, बरोबर सून आणि तीन नातवंडं. गाव त्यांना लोला मेत्रिंग म्हणतं, मीही. त्यांनी एकच विचारलं, दफनभूमीची मागची भिंत कुठे हो सर? म्हटलं, ते भाग दोनमध्ये. भाग दोन अजून ठरलेला नाही.

एक किरकोळ गोष्ट. परतताना आंब्याच्या खुंटापाशी मी नेमका डावीकडे वळलो, नकाशाप्रमाणे. आणि सगळे दफनभूमीच्या मागच्या भिंतीपाशी येऊन उभे राहिलो. तिथे काय आहे ते कुणी विचारायच्या आत मी सगळ्यांना वळवलं. नकाशा बरोबर आहे. टोपीची कड डोळ्यांवर येत होती.

मंगळवार, १२ मार्च
रस्ताभर बांबू रोवले, टोकाला लाल चिंध्या. आता आंधळाही चुकणार नाही.

रविवार, १७ मार्च
चव्वेचाळीस माणसं. बांबू धरून चाललो. आलो कुठे, तर मागच्या भिंतीपाशी. म्हशींनी बांबू हलवले असणार. सालिंग म्हणते की म्हशी चिंध्यांसकट बांबू उपटून परत सरळ रोवत नाहीत.

तिथे वारा पडला. आणि लहान बाळ रडल्यासारखा आवाज. एका आईने विचारलं, कुणाचं आहे? सगळ्यांनी आपापली पोरं मोजली. सगळी हजर, सगळी गप्प. मग म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, तियानाक. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेलं बाळ रडून वाटसरूला चकवतं, पुन्हा पुन्हा आपल्यापाशी आणतं, असं आमच्याकडे मानतात. उपाय एकच, अंगातला सदरा उलटा घालायचा. दोन मिनिटांत चव्वेचाळीस माणसांनी सदरे उलटे केले. कपितानबाईंनीसुद्धा, छत्रीआड जाऊन.

मी मेगाफोनवर सांगितलं की हा पक्षी आहे. जोनालिनने विचारलं, कुठला? म्हटलं, पाणपक्षी. ती म्हणाली, इथला एकही पाणपक्षी असा ओरडत नाही सर. म्हटलं, तुम्ही इथे नवीन आहात. ती अकरा वर्षं इथे आहे.

लेबलं गळ्याशी लटकवून सगळे घरी गेले. सुलट सदरा फक्त माझा. डोकं दुखतंय.

सोमवार, १८ मार्च
शांतपणे विचार केला. आवाज शिंपल्यांतून शिरणाऱ्या वाऱ्याचा.

आणि वस्तुस्थिती अशी की सरकारी हुकुमात शब्द होते 'भिंतीच्या आतल्या कबरी'. आतल्या दोनशे बाराच्या दोनशे बारा वर आल्या. भिंतीबाहेर, मागच्या अंगाला, बाप्तिस्म्याआधी गेलेली तान्ही बाळं पुरत. त्या वेळच्या पाद्रीबाबांना ती आत चालत नसत. आया स्वतःच संध्याकाळी खोक्यातून न्यायच्या, कुणाला न सांगता. त्यांची कुठे नोंद नाही. ज्याची नोंद नाही त्याची यादी कशी करणार?

इंजिनियर म्हणाला होता, शेवटच्या दिवशी मागे एक चक्कर टाका. त्या दिवशी पाऊस होता, चिखल होता. मी चौकीत बसून लिहिलं, 'कोणीही शिल्लक नाही.' हुकुमाप्रमाणे हे बरोबर आहे.

रविवार, २४ मार्च
उन्हामुळे फेरी रद्द केली. बावन्न माणसं जोनालिनबरोबर गेली. ऊन काही कमी नव्हतं.

संध्याकाळी ती वही घेऊन आली. म्हणाली, मागच्या भिंतीबाहेर लाजाळूखाली नदीतले गोटे आहेत, सारख्या अंतरावर, एका ओळीत. कसले? म्हटलं, कुंपणाचे. तिने लिहून घेतलं. ही मुलगी दिसेल ते मोजते, बगळे, खंड्ये, गोटे. सालिंग आतून बाहेर आली, तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी हवामानाबद्दल बोललो.

रविवार, ३१ मार्च
अगदी उलट्या बाजूने, नदीकडून गेलो. आंब्याचा खुंट वाटेत येतच नाही. पोचलो तिथेच. अठ्ठावन्न माणसांनी कुणी न सांगता सदरे उलटे केले. आता सवयच झालीय त्यांना.

लोला मेत्रिंग माझ्या कोपराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सर, माझी पोर आधी इथे होती. तुम्ही सांगितलं होतं ना, पहिल्या ट्रकमधून वर नेली म्हणून, नव्या दफनभूमीत सगळ्यांच्या मोठ्या क्रॉसखाली ठेवली म्हणून. दर नोव्हेंबरला तिथे मेणबत्ती लावते. नातवंडांना म्हटलं, आधीची जागाही बघून घ्या. तुम्ही केलंत ते फार झालं.

मी म्हणालो, माझं कर्तव्यच होतं.

मेगाफोनचं बटण चालू राहिलं होतं. अख्ख्या तळात घुमलं, कर्तव्यच होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १ एप्रिल
मी तसं म्हणालो होतो हे खरं. गाव हलवलं त्या दिवशी लोला मेत्रिंग ट्रकमध्ये चढेनात. पाऊस, मागे रांग, ड्रायव्हर शिव्या देतोय. विचारत होत्या, मागची बाळं? मी म्हणालो, पहिल्या ट्रकमध्ये गेली. एक वाक्य. त्या चढल्या. धीर देण्यासाठी म्हटलं होतं. एखाद्याला दिलेला धीर त्रेचाळीस वर्षांनी काढून घेणं असभ्यपणाचं ठरेल.

आज बाजारात सदरा उलटा घातला गेला. सालिंगने दाखवून दिलं. म्हटलं, घरात उजेड कमी आहे. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

शुक्रवार, १९ एप्रिल. गुड फ्रायडे
मधल्या दोन्ही फेऱ्या जोनालिनने नेल्या. मला घशाचा त्रास होता, घरात बोलताना नव्हता.

आज फेरी नाही. दुपारी एकटा गेलो. केवळ मोजमापासाठी, म्हणून टेप घेतली होती.

गोट्यांपाशी बसलो. लाजाळू बाजूला केलं तर पानं मिटत गेली, एकामागून एक, ओळीच्या टोकापर्यंत. एका गोट्याशेजारी दुधाच्या डब्याचं गंजलेलं झाकण, त्याला खिळ्याने भोकं पाडलेली, जरा नक्षीसारखी. कुणीतरी बसून पाडली असतील. टेप उघडली नाही. मोजणार होतो, पण तिसऱ्या गोट्यापुढे जाववेना.

वारा नव्हता. आवाज आला. जवळून आला आणि थांबला. मी म्हणालो, मी आहे, शाळेतला सर. कुणाशी बोललो माहीत नाही.

पंधरा मिनिटांची वाट. घरी पोचायला दोन तास लागले.

निश्चय झाला. लोला मेत्रिंगना खरं सांगायचं, आणि पाणी चढायच्या आत सगळ्या बाळांना वर आणायचं. नीट, सन्मानाने. पाद्रीबाबा, लहान पेट्या, धरण कचेरीची परवानगी, माझं भाषण. ईस्टरनंतरच्या रविवारी. आजच्याइतकं हलकं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

रविवार, २८ एप्रिल
पुढे ढकललं. पाद्रीबाबा बाहेरगावी असावेत. विचारायला गेलो नाही, उगाच त्रास.

रविवार, ५ मे
भाषण बारा पानं झालंय. पहिल्या पानात लोला मेत्रिंग येत नाहीत, सातव्यात येतात. तोल साधायला हवा. घाईघाईत सांगितलं तर त्यांनाच वाईट वाटेल.

सालिंगने भाषण वाचलं, मी नसताना. जेवताना म्हणाली, एवढी पानं कशाला? लोलाला चला म्हण आणि तिचा हात धर. म्हटलं, तुला सभाशास्त्र कळत नाही. तिने माझ्या ताटात मासा वाढला नाही.

रविवार, १२ मे
फ्लू. थर्मामीटरवर ३६.८, म्हणजे ताप नाही असं दिसतंय, पण थर्मामीटर जुना आहे. पुढच्या रविवारी नक्की. पेट्यांसाठी सुताराला निरोप पाठवायचा विचार आहे.

गुरुवार, १६ मे
तीन दिवस डोंगरात वादळी पाऊस. काल वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. सकाळी ओसरीतून दिसत होतं, मनोरा कमरेपर्यंत बुडालाय.

सालिंग शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, चार रविवार होते तुझ्याकडे.

मी मोजून पाहिलं. तीन होते, हे सांगायला तोंड उघडलं. सांगितलं नाही.

रविवार, १९ मे
फेरी फक्त काठापर्यंत. नऊ माणसं. सालिंग पहिल्यांदा आली. पाणी गढूळ, स्थिर. दफनभूमीच्या जागी लाजाळूचा पाचोळा तरंगत होता.

भाषण आणलं होतं. उघडलं नाही. मेगाफोन जोनालिनकडे दिला. लोला मेत्रिंगसमोर गेलो आणि म्हणालो, पहिल्या ट्रकमध्ये ती नव्हती. कुठल्याच ट्रकमध्ये नव्हती. मी मागे गेलोच नव्हतो. खाली ते गोटे आहेत ना, ती सगळी बाळं तिथेच आहेत. एवढंच. अर्धं पानसुद्धा झालं नसतं.

त्या म्हणाल्या, माहीत आहे.

नंतर म्हणाल्या, पहिला ट्रक माझ्या दारावरून गेला होता सर. त्यात लहान पेटी एकही नव्हती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

विचारलं, मग मोठ्या क्रॉसला मेणबत्त्या का? त्या म्हणाल्या, कुठेतरी लावायला हवीच की. विचारलं, मग दर रविवारी माझ्याबरोबर का येत होता? म्हणाल्या, मी तिला ठेवली तेव्हा अंधारून आलं होतं. पुढे घरच्यांनी परत जाऊ दिलं नाही. कुठली जागा तिची ते मला सांगता आलं नसतं. वाटायचं, तुम्ही एकदा खरं बोललात की आपण दोघं मिळून शोधू. तुम्ही बोलाल बोलाल म्हणून थांबले. मीही थांबायला नको होतं.

सून रडायला लागली. लोला मेत्रिंग रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, किती बाळं होती हो? मला सांगता आलं नाही. दोनशे बारा पाठ आहेत. ही मी मोजली नव्हती.

जोनालिनने वही उघडली. 'कुंपणाचे दगड' या शब्दांवर तिने आधीच कधीतरी काट मारलेली होती. म्हणाली, एकोणीस.

एकोणीस? लोला मेत्रिंग म्हणाल्या. मला वाटायचं तीन-चार असतील. पाण्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, म्हणजे सोबत होती तिला.

त्यांनी पिशवीतून केळीच्या पानात गुंडाळलेला गोड भात काढला, सगळ्यांना एकेक दिला. मलाही दिला. मी खाल्ला.

आवाज आज आला नाही. पाणी आहे ना वर.

संध्याकाळी जोनालिन येऊन गेली. पुढच्या रविवारपासून फेरी काठाने, टेकडीकडून. इतिहास आणि पक्षी दोन्ही ती सांगणार. नावं गोळा करणार आहे, घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून, जेवढी मिळतील तेवढी. लोला मेत्रिंगच्या पोरीचं नाव ठेवलेलंच नव्हतं, तिथे नुसतं 'मुलगी' लिहिलंय. अक्षर माझ्याइतकं चांगलं नाही.

मी काय करू, विचारलं. म्हणाली, तुम्ही सगळ्यांच्या शेवटी चाला सर. कुणी मागे राहू नये म्हणून कुणीतरी लागतं.

विचारलं, शिट्टी मिळेल का?

म्हणाली, शिट्टी नको. नुसतं मागे बघत चला.